खोलीत स्वयंपाकास मनाई

९ जानेवारी १९३६ रोजी, गुरुवारी, नर्मदाबाई पिंपळखुटे यांनी जबलपूरच्या मोठ्या पोस्टातून सत्त्याण्णव रुपये सहा आणे काढले. रक्कम त्यांची स्वतःची होती. आईच्या मागे वाट्याला आलेला गोफ मोडून त्यांनी ती पोस्टात ठेवली होती, आणि आजवर तिला कोणी हात लावला नव्हता. खिडकीतल्या बाबूने नोटा मोजता मोजता सहज विचारलं, "क्यों माताजी, घर में शादी है क्या?"

"नाही," नर्मदाबाई मराठीतच म्हणाल्या. "राग आहे."

बाबूला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. हा राग तीस वर्षं शिजत होता आणि तो नीट समजायला आधी जबलपूरची छोटी लाईन समजून घ्यावी लागते.

गोंदियाहून येणारी अरुंद रुळांची छोटी लाईन जबलपुरात संपते आणि प्रयागकडे जायची मोठी गाडी इथून धरावी लागते. नर्मदाबाईंचं माहेर आर्वीचं, सासर मूळ पुलगावचं. आर्वी, पुलगाव, वर्धा, अमरावती इथला जो कोणी काशीयात्रेला निघे, तो नागपूर-गोंदिया करत जबलपूरला उतरे. उतरला की टांगेवाल्याला एकच पत्ता सांगे: दीक्षितपुरा, भय्यासाहेब पिंपळखुटे, कमिशनर कचेरीतले हेडक्लार्क. मग एक दिवस ग्वारीघाटावर स्नान, एक दिवस भेडाघाट, एक दिवस अंग दुखतं म्हणून विश्रांती. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. जाताना प्रत्येक जण गंगेच्या पाण्याचा एक तोंड झाळून बंद केलेला गडू नर्मदाबाईंच्या हातावर ठेवी आणि म्हणे, "वहिनी, पुण्य तुम्हालाच." देवघरात गडू ठेवायला जागा उरली नव्हती. काशी मात्र नर्मदाबाईंनी अजून पाहिली नव्हती, कारण त्या गेल्या असत्या तर आल्यागेल्याचं कोणी पाहिलं असतं?

माहेरचं त्यांचं नाव अंजनी. बाराव्या वर्षी लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा सासऱ्यांनी गावच्या नदीवरून नर्मदा ठेवलं. नदीला कोणी विचारत नाही, येऊ का म्हणून. त्यांनाही कोणी विचारलं नाही. एकुलती मुलगी शरयू सागरला दिली, सासूसासरे गेले, घरात दोघंच उरली, तरी चुलीवरचं पातेलं लहान झालं नाही.

त्यातून भय्यासाहेबांचा स्वभाव. माणूस सज्जन, कचेरीत चोख, पण तोंडातून 'नाही' हा शब्द म्हणून निघायचा नाही. दारात टांगा उभा राहिला की ते धोतर सावरत पुढे धावायचे. "या, या! घर तुमचंच आहे!" मग आत वळून, आवाज जरा खाली आणून, "अगं, सात पानं."

मागच्या दिवाळीनंतर पुलगावची अकरा माणसं आली, तेव्हा नर्मदाबाई तापाने फणफणल्या होत्या. डॉक्टर विश्रांती सांगून गेले होते. भय्यासाहेब उशाशी बसून म्हणाले, "करशील ना विश्रांती. ही मंडळी एकदा गेली की करशील." काशीला निघालेल्यांना वरण-भातावर कसं पाठवायचं, म्हणून नर्मदाबाई उठल्या. पुरण वाटलं. भिंतीला धरून वाढलं. पंगतीतला एक गृहस्थ, तोही कोण तर चुलत सासऱ्यांच्या साडूचा मुलगा, आमटीचा भुरका मारून म्हणाला, "वहिनी, मीठ जरा कमी पडून राहिलं बरं का."

नर्मदाबाईंनी मीठ वाढलं. त्याच रात्री त्यांनी ठरवलं.

काय ठरवलं ते नवऱ्याला सांगताना त्यांनी प्रस्तावना केली नाही. "मी आठ दिवस मुंबईला जाऊन राहणार आहे. हॉटेलात. पैसे माझे. तुम्ही संगं चला."

भय्यासाहेबांचा पानाचा विडा हातातच राहिला. "मुंबईला? काहून? तिथं आपलं कोण आहे?"

"कोणी नाही, म्हणूनच."

यामागे त्यांचा विचार पक्का होता. काशीला निघालं तर दहा जण सोबत म्हणून चिकटतील. नाशिकला, रामेश्वरला, कुठल्याही तीर्थाला तेच. मुंबईला पुण्य नाही. तिथे समुद्र आहे, पण त्यात कुणाच्या अस्थी न्यायच्या नाहीत, कुणाचा नवस फेडायचा नाही. पुण्य नसलं की नातेवाईक येत नाहीत, हे त्या तीस वर्षांत शिकल्या होत्या.

मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून त्यांनी स्वतःच्या हाताने कार्डं लिहिली. प्रश्न एकच: खोलीत स्वयंपाक करता येतो काय? पहिल्या हॉटेलने मोठ्या उत्साहाने उलट टपाली कळवलं, की कुटुंबवत्सल मंडळींसाठी शेगडी, पाट, पोळपाट, परात, सर्व सोय आहे, शिधा तेवढा आपला आणावा. नर्मदाबाईंनी ते कार्ड बंबात घातलं. दुसऱ्याने लिहिलं की सोवळ्याने स्वयंपाक करण्यास स्वतंत्र जागा आहे. तेही बंबात गेलं. "मेल्यांना वाटतं, बायको गावाला जाते ती चूल बदलायला," त्या म्हणाल्या.

तिसरं उत्तर गिरगावच्या चौपाटीजवळच्या 'सागरविश्रांती'च्या मॅनेजरचं आलं. अक्षर तिरकं, भाषा उर्मट. खोलीत स्वयंपाकास सक्त मनाई आहे. स्टोव्ह पेटवलेला आढळल्यास सामान बाहेर ठेवले जाईल. चहा सकाळी सहाला नोकर दारात आणील. अंथरुणे नोकर घालील व काढील. जेवण दोन वेळचे खाली पंगतीत. एकट्या स्त्रीस खोली दिली जात नाही, सोबतच्या पुरुषाची वहीत सही लागेल.

नर्मदाबाईंनी हे उत्तर पुन्हा पुन्हा वाचलं. अंथरुणे नोकर काढील. आयुष्यात त्यांना आलेलं इतकं प्रेमाचं पत्र दुसरं नव्हतं. पोस्टातून पैसे काढले त्याच दिवशी त्यांनी दहा रुपये विसाराची मनीऑर्डर केली. समुद्राकडची खोली, तीन फेब्रुवारीपासून आठ दिवस.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग संक्रांत आली.

भय्यासाहेबांच्या थोरल्या बहीण सत्यभामाबाई गढा फाटकाजवळ राहत. लवकर वैधव्य आलेलं, एक मुलगा गुणवंत, त्याची बायको कुंदा, दोन नातवंडं. गुणवंतचं गोलबाजारात कापडाचं दुकान होतं. भय्यासाहेब दरसाल तिळगूळ द्यायला अक्कांकडे जात, तसे याही साली गेले. बोलता बोलता मुंबईचा विषय निघाला. आता बहिणीसमोर आपण मुंबईला चाललो म्हणायचं आणि तिला विचारायचं नाही, हे कसं दिसेल? भय्यासाहेब म्हणाले, "चल ना अक्का तू पण."

अशा विचारण्याला आमच्या घरांतून एक रीत आहे. विचारणाऱ्याने विचारायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. मग पुन्हा एकदा आग्रह करायचा, पुन्हा नाही म्हणून घ्यायचं, आणि दोघांची अब्रू राखून विषय संपवायचा. अक्का पहिल्यांदा म्हणाल्या, "मी काय करू रे येऊन." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "नको, तुम्ही दोघं जाऊन या." इथे थांबायचं असतं. शहाणी माणसं इथे थांबतात. भय्यासाहेबांचा जन्म आग्रहात गेलेला. ते तिसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलेलं खरं धरायचं असतं.

नर्मदाबाईंना हे कळलं ते आठ दिवसांनी, हळदीकुंकवाला आलेल्या कुंदाकडून. कुंदा जबलपुरातच जन्मलेली, तिचं मराठी अर्धंअधिक हिंदीत. वाण घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "मामी, पोळपाट तुमचा घेऊन राहिल्या का आमचा घेऊ? दो-दो काहून न्यायचे?"

"कुठं न्यायचे?"

"बंबईला ना! सासूबाई म्हणाल्या, मामीला बडा पोळपाट लागतो."

नर्मदाबाईंच्या हातात अत्तरदाणी होती, ती त्यांनी खाली ठेवली. "कोण कोण चाललंय, कुंदा?"

"आम्ही सगळेच की. सासूबाई, हे, मी, बच्चे." कुंदाच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. "सासूबाई तर हॉटेलचं खात नाहीत. म्हणून ह्यांनी हॉटेलला कळवून टाकलं, खोली नको म्हणून. भुलेश्वरकडे धर्मशाळा ठरवली, बहुत बढिया. वाळकेश्वर, महालक्ष्मी, मुंबादेवी, सगळं होतं म्हणे तिथून. मामांना मालूम आहे ना!"

पुण्य मुंबईलाही निघालं होतं.

संध्याकाळी भय्यासाहेब कचेरीतून आले तेव्हा चूल पेटलेली नव्हती. नर्मदाबाई माजघरात पाटावर बसल्या होत्या. त्यांना असं रिकामं बसलेलं भय्यासाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, कोणी गेलं की काय.

"तुम्ही अक्कांना तीनदा काहून विचारलं?"

भय्यासाहेबांनी टोपी काढली, खुंटीला लावली, पुन्हा काढून हातात घेतली. "अगं, संक्रांतीचा दिवस. म्हटलं, बरं नाही दिसत."

"एकदा म्हणायचं, दोनदा म्हणायचं, तिळगूळ खायचा आणि घरी यायचं. सगळं जग असंच करतं. तुम्हाला तिसऱ्यांदा कोणी म्हणायला लावलं?"

"निघून गेलं तोंडातून."

"माझ्या ताटातलं निघून गेलं. तुमच्या तोंडातलं नाही."

"हे पहा, धर्मशाळेची खोली मोठी आहे," भय्यासाहेब समजुतीने म्हणाले. "गुणवंत सांगून राहिला होता, पाण्याचा नळसुद्धा आतच आहे."

"म्हणजे भांडी घासायला मला बाहेर जायला नको. केवढी ही सोय!" नर्मदाबाई उठल्या. "सात माणसांच्या पोळ्या मी इथं बसूनही लाटल्या असत्या. त्यासाठी आईचा गोफ मोडायची गरज नव्हती. आणि माझी खोली मोडायला गुणवंतला कोणी सांगितलं? पैसे कोणाचे? पत्र कोणी लिहिलं होतं? तीस वर्षं तुम्ही दारात उभं राहून घर वाटलं. घर तुमचं होतं, वाटलं. हे आठ दिवस माझे होते."

"मी अक्काला आता नाही कसं म्हणू?" भय्यासाहेबांचा आवाज खरोखर कासावीस झाला.

"म्हणू नका. तुम्हाला ते जमायचं नाही. फक्त माझ्यावतीनं हो म्हणणं बंद करा."

त्या रात्री दोघांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई एकट्या तारघरात गेल्या. तारबाबूने इंग्रजीत लिहायला कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, "आप लिखिए. मैं बोलती हूँ. कमरा रखो. तीन तारीख को आते हैं. स्टोव्ह नहीं आएगा."

बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "माताजी, आखिरी बात काट दूँ? फुकट पैसे लगेंगे."

"वही तो असली बात है," नर्मदाबाई म्हणाल्या. "रहने दो."

उत्तर आलं: खोली राखली आहे.

त्यांनी हे कोणापासून लपवलं नाही. भय्यासाहेबांना सांगितलं. अक्का समजूत घालायला आल्या, त्यांनाही सांगितलं. अक्का हसल्या. "नर्मदे, तुझा राग म्हणजे दुधाला आलेला ऊत. गाडीत बसलीस की खाली जाईल." अक्कांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आजवर दर वेळी तसंच झालं होतं.

गाडीत बसल्यावर मात्र काहीच खाली गेलं नाही. फराळाचा डबा भरलेला होता, पण त्याचं फडकं सोडायला नर्मदाबाई उठेनात. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. पोरं रडायला लागली. शेवटी कुंदाने फडकं सोडलं आणि तिला कळेना की कोणाला किती द्यायचं. इटारसीला अक्का म्हणाल्या, "नर्मदे, चहा सांग ना गं."

"सांगा की," नर्मदाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "तो पहा चहावाला. तुमच्याच बाजूला उभा आहे."

"एवढं घेऊन बसलीस! भय्या म्हणून राहिला होता, म्हणून मी निघाले. माझा काय दोष?"

"तुमचा काहीच नाही, वन्सं. तुम्ही रीतीनं वागल्या." हे त्यांनी मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच ते अक्कांना जास्त लागलं.

बोरीबंदरला गुणवंत सर्वांच्या आधी खाली उडी मारून दोन व्हिक्टोरिया ठरवून आला. मागाहून हुज्जत नको म्हणून त्याने दोन्हींचं भाडंही देऊन टाकलं. "चलो मामी, पहिल्या गाडीत सामान लावू, दुसरीत माणसं." हमाल पिठाचा डबा उचलतो न उचलतो तोच नर्मदाबाईंनी आपली ट्रंक पहिल्या गाडीत ठेवली, वर चढल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, "चौपाटी. सागरविश्रांती."

भय्यासाहेब दोन गाड्यांच्या मधोमध उभे होते. अक्कांनी सांभाळायला दिलेला स्टोव्ह त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"अहो," नर्मदाबाई म्हणाल्या, "तिथं पुरुषाची सही लागते. नाहीतर मला खोली मिळत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"भय्या, इकडे ये," पलीकडून अक्का म्हणाल्या. "पोरं उन्हात उभी आहेत."

"मामा, क्या कर रहे हो? चला लवकर," गुणवंत म्हणाला.

हमाल थांबले. सत्तावीस वर्षं सरकारी कागदावर सही करताना भय्यासाहेबांचा हात कधी अडला नव्हता. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बायको त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती समोर घोड्याच्या पाठीकडे पाहत होती, आणि तिचे ओठ असे मिटलेले होते की ही आता परत जबलपूरची गाडी धरील, पण भुलेश्वरला येणार नाही, हे त्यांनाही दिसलं.

ते पायरीवर चढू लागले.

"स्टोव्ह घेऊन ह्या गाडीत चढायचं नाही," नर्मदाबाई म्हणाल्या.

त्यांनी स्टोव्ह गुणवंतच्या हातात दिला. "अक्का, मी... मी नुसती सही करून येतो."

'नाही' त्यांना तेव्हाही म्हणता आलं नाही. पण गाडी सुटली.

सागरविश्रांतीच्या वहीत त्यांनी सही केली. मॅनेजर पत्राइतकाच उर्मट निघाला. त्याने ट्रंक उघडून आत स्टोव्ह नाही याची खात्री करून घेतली. नर्मदाबाईंनी त्याला हात जोडून नमस्कार केला. वर खोलीत दोन खाटा होत्या, पांढऱ्या चादरी, खिडकीखाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे पाणी. भय्यासाहेब खाटेच्या कडेवर टेकले. "बरी आहे खोली."

"सही झाली. आता जायचं तर जा."

"अक्का वाट पाहत असेल गं."

"असतीलच."

ते गेले. नर्मदाबाईंनी थांबवलं नाही आणि त्या रडल्याही नाहीत. दोन दिवस त्या उठल्या, दारातला चहा घेतला, खिडकीत बसल्या, खाली जाऊन वाढलेलं जेवल्या. आमटीत मीठ कमी होतं. त्यांनी वाढप्याला काही म्हटलं नाही. दुपारी त्या झोपल्या. भर दुपारी, दार लावून, अंगावर चादर घेऊन. संध्याकाळी चौपाटीवर पाय बुडवून उभ्या राहिल्या आणि तिथेही त्यांचा राग शांत झाला नाही. उलट आता त्याला जागा मिळाली होती. तीस वर्षांत कोणाकोणाला काय काय म्हणायचं राहून गेलं होतं, ते त्या पाण्याकडे पाहत एकेकाला मनात म्हणत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भय्यासाहेब पिशवी घेऊन दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, धोतराला कणीक लागलेली.

"कुंदाला सहा जणांचा अंदाज येत नाही," ते म्हणाले. "अक्काचे गुडघे धरले आहेत. काल पोळ्या मी लाटल्या."

नर्मदाबाईंनी दारातून बाजूला होऊन वाट दिली.

"नकाशे झाले सगळे. अक्का म्हणे, भय्या, कच्च्या राहिल्या." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "तापात तू पुरण वाटलं होतं ना, तेव्हा मी तिथंच बसून होतो. मला आठवून राहिलं कालपासून."

"आता आठवलं."

"हो. आता." ते खाटेवर बसले. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "चहा होईल का गं?"

"तिथं घंटी आहे," नर्मदाबाई म्हणाल्या. "वाजवा."

भय्यासाहेबांनी उठून ती वाजवली. पुढचे पाच दिवस ते तिथेच राहिले. दोघं फारसं बोलली नाहीत.

चैत्रात आर्वीहून कार्ड आलं: नऊ माणसं, काशी, छोट्या लाईनने मंगळवारी पोचतो. त्याचं उत्तर भय्यासाहेबांनी लिहिलं. स्टेशनाजवळ चांगली धर्मशाळा आहे, उतरण्याची व्यवस्था करून ठेवतो, संध्याकाळी भेटायला येईन. लिहिताना त्यांनी तीन कागद फाडले. मंडळी रागावली. त्यांच्यातली एक म्हातारी तर भेटायला गेलेल्या भय्यासाहेबांशी बोललीच नाही. अक्काही वर्षभर दीक्षितपुऱ्यात आल्या नाहीत, आणि नर्मदाबाईंनी त्यांना बोलावणं धाडलं ते एकदाच. अक्कांनी नाही म्हटलं. नर्मदाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बोरीबंदरहून चौपाटीपर्यंतचं व्हिक्टोरियाचं भाडं गुणवंतने भरलं होतं. तो सव्वा रुपया नर्मदाबाई त्याला अजून देणं लागतात.